बाईचा फिरता डाग

त्या बाईचं मला काहीच बघवायचं नाही. चालणं बघवायचं नाही, हसणं बघवायचं नाही, आणि वेणी तर नाहीच नाही. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, मनात मात्र एकेरी. इथं मनातलंच सांगायला बसलेय, तेव्हा एकेरीच येईल. ज्याला खटकेल त्याला खटको.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जुन्या जिल्ह्यातून कपाटं, टेबलं आणि माणसं ट्रकात भरून आली आणि त्यांच्या पाठोपाठ दुष्काळ आला. कचेरीला धड इमारत नव्हती, आमच्या टंचाई शाखेला पंखा नव्हता, काम मात्र नाकातोंडात जायचं. कुठल्या गावाला टँकर लावायचा, कुणाची विहीर ताब्यात घ्यायची, कुणाच्या खेपा बुडाल्या. बाई तिथं अव्वल कारकून होती आणि मी टायपिस्ट. रेणापूरच्या आमच्या बौद्धवाड्यातली सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली पोरगी. गावात मी निघाले की बाया दारात येऊन बघायच्या. कचेरीत मात्र माझ्याकडं कुत्रं बघत नव्हतं, कारण सगळे बाईकडं बघायचे.

आणि बघण्यासारखं करायचीच ती. उन्हाळ्यात टेबलाखाली ओलं पोतं अंथरून त्यावर अनवाणी पाय ठेवून बसायची. ड्रॉवरमध्ये फुटाणे आणि गूळ. फायलींशी बोलायची, "सरक गं बये, तुझा नंबर उद्या." टेलिफोनला ती 'बहिरं' म्हणायची आणि त्यात इतकी ओरडायची की पलीकडच्या माणसाला फोनची गरज पडू नये. टँकरचा ठेकेदार खोट्या खेपा सांगायला आला की त्याला आधी फुटाणे द्यायची, मग विचारायची, "टाकीला भोक हाय का तुझ्या नीयतीला? काय ते एक सांग, मी तसं लिहिते." पुण्याकडून नवे आलेले साहेब फायलीवर घाईनं सही करायला लागले तर त्यांनाही सोडायची नाही. "लेकरा, आधी पाणी पी. मंग वाच. मंग सही कर." आणि साहेब खरंच पाणी प्यायचे! मी एकदा साहेबांना नुसतं "सर, इथं चूक आहे" म्हटलं तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू टाइपरायटरच बोलला.

माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी उगीच जळत होते. दुपारी मी डबा घेऊन कोपऱ्यात बसले होते. मला कुणी काही बोललं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं. बाई आली, माझ्या डब्यातली भाकर मोडली, ठेचा बोटावर घेऊन चाटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या आईनं केलाय? उद्यापून माझ्यासाठी येगळा आणायचा, सांगून ठेवते." दुसऱ्या दिवसापासून सगळ्या शाखेचे डबे एका टेबलावर आले. आता अशा माणसाचा धड द्वेषही करता येत नाही. हा आणखी एक ताप.

तर वेणी. बाई छत्तिशीची असेल, अंगानं रोड, रंगानं सावळी. पण कमरेच्या खाली जाणारी, माझ्या मनगटाएवढी जाड वेणी. माझी म्हणजे उंदराची शेपटी. तिच्यात गंगावन घालून मी तिला कशीबशी वेणी म्हणवून घ्यायची. बरं, त्या दिवसांत आम्ही अंघोळ म्हणजे ओलं फडकं अंगावरून फिरवायचो. बाई मात्र आठवड्याची एक बादली केसांसाठी राखून ठेवायची आणि उरलेले दिवस केसाला धूळ लागू द्यायची नाही. जीपमध्ये बसली, गोदामात शिरली, गर्दीत गेली की वेणी गुंडाळून खांद्यापाशी ब्लाउजमध्ये खोचायची आणि वरून पदर घट्ट ओढायची. "न्हायाला पाणी कुठंय? मळून कसं चालंल?" दिवसभर टायपिंग करताना माझी नजर त्या वेणीवर. तिचा एकेक पेड मला पाठ होता. रागानं पाठ होता, पण पाठ होता.

मग बाईला खोकला लागला. धुळीचे दिवस, खोकला सगळ्यांनाच होता. मलाही होता, पण माझा खोकला कुणी मोजला? बाई खोकली की शिपाई पाणी घेऊन पळायचा. साहेबांनी तिला गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरनं फोटो काढायला लावला. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. फोटोत छातीच्या वरच्या अंगाला, डाव्या बाजूला डाग निघाला. थुंकीत काही नाही, ताप नाही, वजन जिथल्या तिथं, पण फोटोत डाग. डॉक्टरनं टीबी समजून सुया आणि गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, थोड्या थोड्या महिन्यांनी फोटो काढून बघू.

दुसरं कुणी असतं तर तोंड लपवून बसलं असतं. बाईनं तो फोटो कचेरीच्या खिडकीला चिकटवला. उन्हाची तिरीप आली की बरगड्या उजळायच्या. मग बाई पट्टी घेऊन उभी. "हे माझं काळीज. हा खांदा. आन् हा बघा, हा आमचा भाडेकरू." लोक टँकरचं गाऱ्हाणं घेऊन यायचे आणि फोटो बघून हळहळत जायचे. साहेबांची जीप तिला दवाखान्यात न्यायला-आणायला. मुरुडहून तिचे भाऊ अंडी घेऊन यायचे. मला कधी जीप? मला कधी अंडं? खरं सांगते, मला त्या डागाचा हेवा वाटायचा. लाज वाटावी असा हेवा, पण वाटायचा.

फोटो काढायला जायची तेही थाटात. पावडर लावून, चांगलं लुगडं नेसून. एकदा मला बरोबर नेलं. अंधाऱ्या खोलीत लोखंडी स्टँड आणि त्यावर प्लेट. बाईनं त्या प्लेटकडं पाहून नाक मुरडलं. "ह्याला सतरा जण छाती टेकवत असतील. केस लावू का मी ह्याला?" वेणी गुंडाळली, खांद्याशी खोचली, पदर ओढला आणि म्हणाली, "हां, काढ." फोटो काढणारा पोरसवदा, लाजाळू माणूस. त्यानं नुसतं "श्वास घ्या... धरा..." म्हटलं. नंतर मात्र चाचरत बोलला, "बाई, सारखे सारखे फोटो बरे नव्हं. ह्याच्या किरणांनी अंगाला अपाय होऊ शकतो."

"आरं, जन्म उन्हात गेला माझा," बाई म्हणाली. "तुझ्या खोलीतल्या किरणाचं काय घेऊन बसलास!"

अशी बोलायची. पण परतताना जीपमध्ये हळूच मला म्हणाली, "मास्तर थांबतो म्हणलाय. पण किती दिवस थांबंल?"

मास्तर म्हणजे मुखेडच्या शाळेतला एक विधुर. बाप लवकर गेल्यामुळं बाईनं भावांचं शिक्षण, त्यांची लग्नं, सगळं उरकलं आणि तिचं स्वतःचं राहून गेलं होतं. आता ह्या वयात हे स्थळ सांगून आलं होतं. मास्तर कचेरीत एकदा येऊन गेला. उंच, शांत, बाईच्या बोलण्यावर खाली मान घालून हसणारा. त्याला बाई मनापासून आवडली होती, आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याची आई म्हणाली, डाग जाऊ दे, मग तारीख धरू. लग्न सगळं त्या डागापाशी अडलं होतं. आणि मी? माझ्याकडं स्वच्छ छाती होती आणि स्थळाचा पत्ता नव्हता.

डाग काही जाईना. साहेबांनी ओळख काढून तिला नांदेडला मोठ्या मशीनकडं पाठवलं. तिथं अंधारात पडद्यामागं किती तरी वेळ उभं करून, इकडं वळवून, तिकडं वळवून पाहिलं. वर आणखी फोटो. आणि काय सांगावं, डाग उजवीकडं निघाला! लातूरच्या डॉक्टरनं खात्रीसाठी पुन्हा फोटो काढला, तर परत डावीकडं. डॉक्टर टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, असा फिरता डाग मी जन्मात पाहिला नाही. कचेरीत कोण कौतुक! शिपाई तर येईल त्याला सांगायचा, "आमच्या बाईचा डाग फिरतीवर असतोय, तपासणीला." सगळे हसायचे, बाईही हसायची.

पण त्या आठवड्यात तिनं आपला कप वेगळा केला. ताटली वेगळी केली. ज्या टेबलावर तिनं सगळ्यांचे डबे आणले होते, त्यावरून ती स्वतःच उठली आणि खिडकीशी एकटी बसून खायला लागली. कुणी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. "तुमच्या घरी लेकरं हायत," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी काय झालं माहितेय? सगळे आपापले डबे उचलून तिच्यामागं खिडकीशी गेले. टेबलावर मी एकटी! ठेचा चावत बसले आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते ठेच्याचं होतं असं मी मनाशी म्हटलं.

मग मीही खोकायला लागले. मोठमोठ्यानं. शेवटी बाईच म्हणाली, "जा गं पोरी, तू बी फोटो काढून ये, उगं संशय नको." मी रजा टाकून, नवी साडी नेसून गेले. कसलं कारण नसताना अंगावर किरणं घेऊन आले, नुसत्या हेव्यापायी. फोटो आणला आणि थेट खिडकीला, बाईच्या फोटोशेजारी लावला. सगळे गोळा झाले. शिपायानं मान वाकडी करून करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात तर कायच न्हाई!" आणि पांगले की सगळे.

बाई तेवढी उभी राहिली. माझ्या फोटोला अगदी नाक लावून बघत होती.

"किती साफ हाय गं तुझं," ती म्हणाली. "काचेवानी."

तो आवाज मी ओळखला. ओळखणारच, माझा स्वतःचा होता तो! बाई माझ्यावर जळत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर जळत होतं आणि तेही बाई. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. तो आनंद पुरता घ्यावा म्हणून मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी नीट बघायला लागले. माझं साफ. तिचा डाग. पुन्हा माझं साफ. पुन्हा तिचा डाग. आणि डागात मला रेघा दिसल्या. आडव्या-तिरक्या, एकात एक गुंतलेल्या. तीन पेड. वर एक वळण, खाली एक वळण. हे मी कुठं पाहिलंय, म्हणून डोकं खाजवायची वेळही आली नाही. रोज तर बघत होते!

"बाई," मी ओरडले, "हा डाग न्हाई! ही तुमची वेणी हाय!"

अख्खी शाखा वळून बघायला लागली. मला तिचं भलं करायचं होतं असं समजू नका. मला तिचा डाग काढून घ्यायचा होता. तोही तिच्या त्या मेल्या वेणीचाच निघावा, म्हणजे काय! मी तावातावानं सगळ्यांना दाखवलं, हा पेड, हा पेड, खांद्याशी खोचता ना तुम्ही, तेच हे, कधी ह्या खांद्याला कधी त्या. साहेबसुद्धा बाहेर आले. बाई वेणी हातात धरून उभीच राहिली.

त्याच दुपारी आम्ही दोघी फोटोवाल्याकडं गेलो. मी माझ्या डोक्यातल्या सगळ्या पिना काढून बाईची वेणी तिच्या डोक्यावर बांधली. काय वजन होतं! फोटो निघाला. साफ. दोन्हीकडं साफ. फोटोवाला रडकुंडीला आला. "पदराखाली काय हाय ते मला कसं कळावं? आन् बाईमाणसाला केस वर घ्या म्हणून मी कसं सांगू?" डॉक्टर म्हणाला, ओल्या फिल्मवर घाईत बघितलं की असं होतं. घाई म्हणे! दोन उन्हाळे घाई चालली होती.

बाई दवाखान्याच्या पायरीवर बसली. आधी हसली. मग माझ्या पाठीत धपाटा घातला. "भवाने! माझ्या वेणीकडं बघून बघून डोळे फुटले तुझे, आन् आधी बोलता आलं न्हाई?" म्हणजे तिला माझं बघणं माहीत होतं. मग रडायला लागली. सुया टोचून टोचून कमरेला गाठी झाल्या होत्या, गोळ्यांनी तोंडाची चव गेली होती, भावाची लेकरं तिनं दोन वर्षं जवळ घेतली नव्हती. कशासाठी, तर केसांसाठी. उठता उठता तिनं फोटोवाल्याला विचारलं, "आन् ती किरणं रं? एवढी घेतली ती?"

त्यानं खाली मान घातली. "छातीच्या फोटोला थोडी असतात, बाई. नांदेडला पडद्यामागं उभं केलं ती जास्त. अंगात ती राहत न्हाईत. पण जाताना काय बिघडवून गेली का, ते आज कुणालाच सांगता यायचं न्हाई."

आठवड्याभरानं मास्तरची आई आली. मुखेडहून एसटीनं एकटीच, धुळीनं पांढरी झालेली. बाई टँकर तपासायला गावाकडं गेली होती. म्हातारी सरळ माझ्या टेबलाशी आली. कुणीतरी तिचे कान भरले होते.

"डाग न्हाई म्हणतेत, बरं झालं," ती म्हणाली. "पण आमच्या गावची नर्स म्हणली, लई फोटो काढले की कूस करपते. लेकरू व्हत न्हाई, न्हाईतर लुळंपांगळं व्हतंय. माझ्या लेकाला पयल्या बायकोचं लेकरू न्हाई, पोरी. तू तिच्यासंगं असतीस म्हणं. खरं सांग. किती फोटो काढले तिचे?"

खरं माझ्या जिभेवर होतं. नांदेडचा अंधारातला पडदासुद्धा जिभेवर होता. म्हातारी पदरानं तोंड पुसत वाट बघत होती. मी नुसतं खरं बोलले असते तरी पुरे होतं, आणि खरं बोलण्याबद्दल कुणी मला बोलही लावला नसता. बाई इथंच राहिली असती, माझ्यासारखी, बिनलग्नाची, मग आम्ही दोघी बरोबरीच्या झालो असतो. हे सगळं माझ्या मनात आलं, एकेक करून आलं.

आणि मग मला म्हातारीचा भयंकर राग आला. ही कोण, आमच्या बाईत खोट काढणारी? बाईवर जळायचा हक्क माझा. इतकी वर्षं बसून, बघून बघून मिळवलेला. दुसऱ्या कुणी तिला नावं ठेवलेली मला खपणार नव्हती.

"एकच," मी म्हणाले. "एकच काढला. आन् तो साफ निघाला."

"आन् डाग डाग म्हणत व्हते ते?"

"ते डॉक्टरचं चुकलं. फोटो एकच."

म्हातारीनं माझ्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. मी पापणी हलू दिली नाही. शिपाई तिथंच कप विसळत होता, त्यानंही मान वर केली नाही. म्हातारीनं पिशवीतून एक सीताफळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि एसटी गाठायला निघून गेली.

लग्न झालं. टँकरच्या पाण्यात स्वयंपाक झाला, ठेकेदारानं गुमान एक खेप आणून उभी केली आणि शालू नेसलेल्या बाईनं टाकीला कान लावून ती भरलीय का ते बघितलं. बाई इतकी देखणी दिसत होती की मी धड जेवले नाही. पुढं तिची बदली नांदेड जिल्ह्यात, मुखेडला झाली. तिचं टेबल मला मिळालं. ओलं पोतंही अंथरून पाहिलं, मला सर्दी झाली.

मग कळलं, बाईला दिवस गेलेत. सगळी शाखा पेढे मागायला लागली आणि मी मनात तिचे फोटो मोजायला लागले. माझं ते 'एकच' मला जेवताना आठवायचं, टाइप करताना आठवायचं. मी फोटोवाल्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "बहुतेक काय व्हायचं न्हाई." ते 'बहुतेक' मी सगळे महिने पोटाशी घेऊन वागवलं. पोटुशी ती होती, मोजत मी होते. तिच्यावर जळायचंसुद्धा सुचेना, इतकी मी भ्याले होते.

बाळंतीण झाल्याचा निरोप आला तशी मी मिळेल त्या एसटीनं मुखेडला गेले. बाजाराचा दिवस होता, गाडीत उभं राहायला जागा नव्हती. मास्तर दारातच उभा, हसरा. म्हातारीनं गूळ हातावर ठेवला. "पोरगी झाली," म्हणाली, "लक्ष्मी." आणि ती चहा टाकायला आत गेली.

बाई बाजेवर. पोर शेजारी, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, नुसतं नाक दिसत होतं. मी बाईकडं बघितलंसुद्धा नाही. खाली बसले आणि दुपटं सोडलं. हाताची बोटं पाहिली. मुठी उघडून पाहिल्या. पाय ओढून सरळ केले, पायाची बोटं पाहिली. ओठ पाहिले, कानामागं पाहिलं, पालथी करून पाठीवरून मणका हातानं चाचपला. पोरीनं टाहो फोडला. किती दणकट आवाज! तेव्हा कुठं माझा श्वास सुटला.

मान वर केली तर बाई माझ्याकडंच बघत होती.

"सासूबाईंनी सांगितलं मला," ती हळू आवाजात म्हणाली, आतल्या खोलीकडं एक नजर टाकून. "एकच फोटो झाला म्हणं माझा."

मी पोरीला पुन्हा दुपट्यात गुंडाळायला लागले.

"मी बी ही जन्मल्या जन्मल्या तेच बघितलं," ती म्हणाली. "आधी बोटं, मंग पाठ. सुईण म्हणली, ही बया पोरगा का पोरगी ते विचारायचं सोडून काय धुंडून राहिली?"

तिनं रडणारी पोर उचलली, दुपट्यासकट माझ्या मांडीवर ठेवली आणि माझा हात धरून पोरीच्या डोक्याखाली नीट लावला.

"घट धर," बाई म्हणाली. "धरलंस? हां. आता जळ, किती जळायचं ते."